पांढरी

आमच्या सास्तूरच्या शाळेची सहल ठरलेली असायची. एका वर्षी तुळजापूर आणि नळदुर्ग, पुढच्या वर्षी नळदुर्ग आणि तुळजापूर. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. पाऊस बरा झाला असेल तर नर-मादी हे दोन धबधबे त्या बांधावरून कोसळतात, आणि धबधब्यासमोर बसून डबे खाणं हाच आमच्या लेखी इतिहासाचा तास. तेरला आम्हाला कधीच कुणी नेलं नाही. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, चैत्रातल्या यात्रेला म्हातारी माणसं जातात ते, एवढीच माहिती. आमच्या शिवाराजवळून वाहणारी तेरणा ज्या गावाला वळसा घालून आमच्याकडे येते, ते हे गाव. आणि दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा दर्यावर्दी माणसाला त्याचं नाव माहीत होतं. हे मला कळलं ते पुण्यात नोकरी लागल्यावर, आणि तेही भलतंच काहीतरी शोधत असताना.

शोधत होतो भूकंपाविषयी. मी भूकंपानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते मी पाहिलेलं नाही, पण त्या मिनिटाच्या आधी आणि नंतर अशी आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीची विभागणी आहे. भांडी आधीची की नंतरची, लग्न आधीचं की नंतरचं. माझे आजोबा त्या पहाटे माळवदाखाली गेले. आजी दारापाशी झोपली होती, म्हणून वाचली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले होते आणि गाढ झोपेत होते, हे तर किल्लारी-सास्तूर भागातलं कुणीही सांगेल. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या आसपास आहे आणि इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. भूकंपाची तीव्रता मात्र ६.२ होती. जगाच्या हिशोबात हा फार मोठा भूकंप नाही. जपानमध्ये एवढ्या धक्क्यानं एक गाव पुसलं जात नाही. मग आमच्याकडे का पुसलं गेलं, याचं उत्तर मी शोधत होतो. ते फिरून फिरून मातीपाशी येत होतं, आणि मातीचा माग काढता काढता मी तेरला पोचलो.

आधी आमच्या मातीबद्दल सांगतो. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत घरं. पांढरी ही निसर्गानं दिलेली माती नव्हे. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल, चुना, हाडं, फुटकी मडकी असं सगळं एकावर एक साचत जातं आणि जमिनीचा रंग बदलतो. गाव जितकं जुनं तितकी पांढरी उंच. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'पांढरीचं टेकाड' हा शब्द रुळलेला आहे, कारण मराठवाड्यात जुनी वस्ती शोधायची तर आधी हे टेकाड शोधतात. शेतकऱ्याला मात्र ती शब्दाशिवायच ठाऊक असते. पांढरी खत म्हणून शेतात जाते आणि माळवदावर जाते.

माळवद न पाहिलेल्यांसाठी सांगायचं तर ते मातीचं सपाट छप्पर. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्यांचा थर आणि त्यावर माती. वर पांढरी, कारण ती चिकट, दाबली की पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात घर गार राहतं, रात्री वर अंथरूण टाकता येतं, मिरच्या वाळवता येतात. वाईट छप्पर नव्हे. फक्त दर पावसाळ्यात थोडं गळतं, म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी नवा थर द्यायचा. जुना थर काढायची पद्धत नव्हती. भूकंपानंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांना काही घरांवर दोन-अडीच फुटांपर्यंत माती आढळली. मी एकदा हिशोब केला. दहा बाय बाराची खोली, त्यावर दीड फूट माती. आठ टन भरते. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा.

आणि हा ट्रक उभा कशावर, तर दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंतींवर. भिंत बाहेरून जाडजूड दिसते, पण आतून ती दोन पातळ भिंती असतात, बाहेरची आणि आतली. मध्ये खडे-चिखल, दोन्हींना बांधणारे आरपार दगड नाहीत, सिमेंट-चुना नाही. धक्क्यात दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. अनेक घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, हे तेव्हाच्या अहवालांत वाचताना फार त्रास होतो. ज्याचे खण मजबूत त्याचं माळवद तरलं. ज्यानं लाकूड वाचवून तुळई सरळ दगडावर टेकवली, त्याचं गेलं. आमच्या आजोबांनी मधल्या खोलीत असंच केलं होतं म्हणतात. लाकूड महाग होतं, दगड शेतातलाच.

आता तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा व्यापाऱ्यानं ग्रीकमध्ये लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवास-पुस्तिकेत दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर. पैठणहून गोमेद-अकीक जातीचे दगड, तगरहून साधं कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला यायचा. टॉलेमीलाही हे नाव ठाऊक आहे. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तगर सोडून पिढ्या लोटल्या तरी बिरुद सोडलं नाही. (आमच्याकडेही पुण्यात दोन पिढ्या काढलेले लोक पत्रिकेवर 'सास्तूरकर' लिहितात, तसंच.)

हे तगर कुठं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बराच काथ्याकूट केला. देवगिरी, जुन्नर, धारूर, कोल्हापूर अशी नावं सुचवली गेली. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं की तगर म्हणजे निजामाच्या राज्यातलं तेर. मग पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तिथं गेले. १९०२-०३च्या खात्याच्या वार्षिक अहवालात त्यांनी तेरच्या देवळांची, टेकाडांची सविस्तर नोंद केली. इतकी वर्षं सगळे दूरदूर शोधत होते आणि गाव आपल्या नावासकट जागच्या जागी होतं. तगर, तेर. नाव झिजलं, एवढंच.

आजीला मी म्हटलं, आजी, तेरला जाऊ. तिला वाटलं गोरोबाकाकांच्या दर्शनाला. मी ते खोडून काढलं नाही.

गेलो जानेवारीत, भावाच्या गाडीनं. तेरमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते गावाचं चढ-उताराचं अंग. गल्ली अचानक वर चढते, एखादं घर दुसऱ्याच्या छपराच्या उंचीवर बसलेलं दिसतं. हे डोंगर नव्हेत, ही पांढरी. गाव आपल्याच अंगावर उभं आहे. मध्ये त्रिविक्रमाचं देऊळ. पुढचा मंडप पाहून आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या देवळासारखं वाटतं. बाजूनं चालत मागं गेलं की थबकायला होतं. मागची भिंत अर्धवर्तुळाकार आहे आणि छत हत्तीच्या पाठीसारखं गोलसर. भाजा-कार्ल्याचं चैत्यगृह डोंगरातून काढून विटांत बांधून मोकळ्या जागेत ठेवावं, तसं. त्या लेण्यांमधली कोरीव छपरं ज्या बांधीव इमारतींची नक्कल आहेत, त्या इमारती जवळपास सगळ्या नाहीशा झाल्या. उभी राहिलेली उदाहरणं मोजकीच, त्यांतलं एक तेरला आणि एक आंध्रातल्या चेझर्ल्याला. कझिन्स यांनी हे मुळात बौद्ध चैत्य असल्याचं मानलं, आणि बहुतेकजण तेच मानतात. काही अभ्यासक मात्र ते पहिल्यापासूनच वैष्णव किंवा शैव असू शकेल असं म्हणतात. काळाबद्दलही एकमत नाही, पण दीड हजार वर्षांच्या आसपासची ही वास्तू आहे याबद्दल फारसा वाद नाही. आत त्रिविक्रम उभा आहे, एक पाय वर उचललेला.

मला बौद्ध की वैष्णव या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ही इमारत वाचली ती वापरात राहिली म्हणून. कुणी ना कुणी दिवा लावत राहिलं, डागडुजी करत राहिलं, गिलावा देत राहिलं. शहर मेलं, व्यापार गेला, धर्म बदलला, राजे बदलले, तरी विटा कुणी उपसून नेल्या नाहीत, कारण आत देव होता. देव नसलेल्या इमारतींचं काय झालं ते कळायला संग्रहालयात जावं लागतं.

रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. लामतुरे तेरचेच. गावकरी शेतात टाकायला आणि माळवदावर घालायला पांढरी खणून न्यायचे, तेव्हा टोपल्याबरोबर मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या वर यायच्या. आपल्याकडे अशा वस्तूंचं सहसा काय होतं? पोरं खेळतात आणि हरवतात. रामलिंगप्पांनी त्या गोळा केल्या, जपल्या, आणि पुढे हा सगळा संग्रह शासनाच्या हाती आला. वीस हजारांहून जास्त वस्तू. बा. ना. चापेकरांचं पद्धतशीर उत्खनन झालं ते १९५८ साली, पण तेरचं वैभव जगाला दिसलं त्यात या एका गावकऱ्याच्या हौसेचा वाटा मोठा आहे. इतिहासाची पदवी नसलेल्या माणसानं केलेलं काम म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप, हेही कबूल करतो.

काय काय आहे तिथं! पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या, साच्यातून काढलेल्या स्त्रीमूर्ती, भरगच्च केशरचनेच्या. रोमन नाण्यांवरून उठवलेली मातीची पदकं. मद्याच्या रोमन कुंभांचे तुकडे. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखा, जी लाकडाची असूनही टिकली. आणि तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची जवळची बहीण १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी भारतातून तिथं पोचलेली होती. ती नक्की कुठं घडली यावर वाद आहेत, पण तेर आणि भोकरदन इथल्या मूर्तींशी तिचं नातं सगळ्यांना दिसतं. एक बहीण राखेखाली, एक पांढरीखाली. राखेखालचं शहर एका दिवसात गाडलं गेलं म्हणून जसंच्या तसं राहिलं. पांढरीखालचं सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या मुरत गेलं.

आजी या सगळ्यासमोरून शांतपणे पुढे सरकत होती. जाती, पाटे-वरवंटे, रांजण यांच्यापाशी मात्र थांबायची. "आसंच व्हतं की आपलं," एवढंच म्हणायची.

मग आली तरंगणारी वीट. तेरच्या जुन्या वीटकामातल्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत भरपूर भुसा-तूस कालवून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. साधी वीट घनमीटरला अठराशे किलोच्या आसपास भरते. तरंगायचं तर हजाराच्या खाली यावंच लागतं. म्हणजे निम्मं वजन. तेलंगणात पालमपेटच्या रामप्पा मंदिराचं शिखरही अशाच विटांचं आहे. ते १२१३ सालचं, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. वरचा भार कमी करण्यासाठी तिथं हलक्या विटा वापरल्या, असं मानलं जातं.

इथं एक खबरदारी घ्यायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात हे 'प्राचीन भूकंपरोधक तंत्रज्ञान' होऊन जातं. तसं म्हणायला आधार नाही. तेरच्या गवंड्याच्या मनात काय होतं आपल्याला माहीत नाही. कदाचित उंच कमान पेलायची होती, कदाचित भुशाच्या विटा लवकर भाजतात म्हणून सरपण वाचवायचं होतं. त्रिविक्रमाचं देऊळ १९९३ मध्ये पडलं नाही, यावरूनही काही सिद्ध होत नाही. तेर केंद्रबिंदूपासून बरंच दूर आहे. पण हेतू काहीही असो, भौतिकशास्त्र हेतू विचारत नाही. जमीन हलली की इमारतीवर येणारं बल तिच्या वस्तुमानाच्या पटीत असतं. वर जितकं जड, तितका धक्का मोठा. दोन्हीकडे तेरणाकाठची माती. एकीकडे ती भाजून, पोकळ करून डोक्यावर घेतलेली, दुसरीकडे ओली, कच्ची, दर वर्षी नवी टोपली टाकून वाढवलेली.

मी हे सगळं आजीला समजावून सांगायला लागलो. माझी चूक तीच. जे काम मी ऑफिसात करतो, आकृती काढून, आकडे मांडून, तेच मी तिथं करत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मिरगाच्या आदी माती वर म्याच न्यायची. तुजा आजा खालून टोपलं द्यायचा, म्या वर पसरायची. त्या साली तर चार टोपली जास्तीच टाकली. मधल्या खोलीत गळत व्हतं."

तीसहून अधिक वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही. मधली खोली म्हणजे जिथं आजोबा झोपले होते ती.

माझ्याकडे उत्तर होतं. चार टोपल्यांनी आठ टनांत काहीच फरक पडत नाही, दोष भिंतीचा होता. आमचा भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत सुरक्षित, पहिल्या पट्ट्यात होता, म्हणजे देशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही इथं धोका वाटत नव्हता. तो पट्टा २००२च्या सुधारित मानकातून काढूनच टाकला आणि आम्ही तिसऱ्यात गेलो. आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबरात, किल्लारी भागात धक्के बसले होते, तेव्हाही कुणी येऊन माळवदावरची माती उतरवा असं सांगितलं नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "आसंल." आणि पाण्यावरच्या विटेकडे बघत राहिली.

अजून एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही, इथं लिहितो. किल्लारीनंतर भूवैज्ञानिकांनी या पट्ट्यातल्या जुन्या भूकंपांच्या खुणा शोधायला सुरुवात केली. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांचा १९९९चा अभ्यास किल्लारी आणि तेर या दोन जागांवर आहे. तेरच्या जुन्या थरांत त्यांना जमीन पूर्वी हलल्याच्या खुणा दिसल्या. 'इथं कधी भूकंप होत नाही' असं ज्या भूमीबद्दल आपण पुस्तकांत वाचत आलो, तिनं आपली नोंद पांढरीतच ठेवली होती. वाचायला कुणी गेलं नव्हतं, आणि गेलं ते आमचं गाव पडल्यावर.

दुपारी गोरोबाकाकांच्या मंदिरात गेलो. ते नदीकाठाला आहे. तेरणेला जानेवारीत बेताचंच पाणी, काठावर बगळे, पलीकडे हरभऱ्याची शेतं. नदी पाहायला म्हणून कुणी यावं असं तिचं रूप नाही, पण संध्याकाळी पाण्यावर ऊन तिरपं आलं की बसून राहावंसं वाटतं. गोरोबाकाका तेराव्या-चौदाव्या शतकातले, ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यातले सर्वांत वडील, म्हणून काका. थापटण्यानं एकेका संताचं डोकं ठोकून कोणतं मडकं कच्चं ते त्यांनी सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट आजीनं मला लहानपणी सांगितलेली. त्याहून भयंकर गोष्टही तिनंच सांगितलेली. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना आपलं तान्हं मूल पायाखाली आलं, हे गोरोबांना कळलंच नाही. तेव्हा मला वाटायचं, आजी ही गोष्ट इतकी हळू का सांगते.

ती समाधीपुढे बराच वेळ बसली. मी नदीवर जाऊन आलो तरी बसलेलीच होती.

येताना माकणीवरून आलो. निम्न तेरणा धरणाचं पाणी रस्त्यावरून लांबवर चमकत होतं. हे धरण आणि भूकंप यांचा संबंध आहे का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाले, गावात आजही होतात. मी त्यात पडत नाही. नव्या सास्तूरच्या सरळ, आखीव गल्ल्यांत शिरायच्या आधी आजी म्हणाली, जुन्या गावाकडनं घे. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या जागांवर चांगले दगड, तुळया लोकांनी उचलून नेल्या आणि उरलेल्यावर वेड्या बाभळी माजल्या. आमच्या जुन्या घराची जागाही तशीच. ढीग पावसानं बसत बसत गोलसर झाला आहे. वरच्या मातीत बांगडीचा तुकडा, कपाची किनार, पितळी कडी असं काही ना काही दिसतं.

आजी गाडीतून उतरली नाही. काच खाली करून बोटानं दाखवलं, "त्यो मदला उंचवटा."